काचपेटीतली ऊब

१

सावद्याच्या वखारीत बंद दाराला कान लावून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं.

केळी पिकवायची रीत तेव्हा वेगळी होती. खोलीत हिरवे घड रचायचे, कोपऱ्यात धूर द्यायचा, भिंतींना ओली गोणपाटं टांगायची, दार ओढून घ्यायचं आणि सगळ्या फटी चिकणमातीनं लिंपून टाकायच्या. मग कोणी कितीही घाई केली तरी दार उघडायचं नाही. अर्ध्यात उघडलं की माल ना कच्चा राहतो ना पिकतो. बाहेरून दारावर हाताची पाठ टेकवायची आणि कान लावायचा. आतून आवाज यायचा. ओल्या फडक्यातून कोणी दमानं श्वास ओढावा तसा. थांबायचा, पुन्हा ओढायचा. मुकादम म्हणायचे, लाकूड फुगतं. असेल. पण माझ्या अंगावर काटा यायचा, आणि तो भीतीचा नव्हता. आत अंधारात हिरव्याचं पिवळं होतंय, आणि मी दार नीट बंद केलं म्हणून होतंय, याचा तो आनंद होता.

एकदा माझ्या बायकोला, धुरपदाला, ऐकायला घेऊन गेलो. ती धुळ्याकडची, शिंदखेड्याची. तिनं कान लावला, डोळे मोठे केले आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला. “आत कोनी तरी झोपेल शे,” म्हणाली. पुढे जन्मभर ती ही गोष्ट सगळ्यांना सांगायची, दर वेळी जरा वाढवून. मी मुळात कमी बोलणारा. आमच्या घरातलं सगळं बोलणं तिचंच.

आता पिकवणीच्या खोल्या मशीनवर चालतात. आमच्या दलिचंदशेठनी वखार विकली आणि आम्हा दोघांना जळगावला आणलं. मी त्यांच्या बंगल्याच्या फाटकावर, धुरपदा अंगणाच्या झाडलोटीला. शेठ गेले, पण आम्ही फाटकाजवळच्या खोलीत तसेच राहिलो. या दिवाळीनंतर शेठचा मुलगा, तरुण त्याचं नाव, मला वरच्या मजल्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, “आबा, एक खोली सांभाळायचीय, गरम आणि ओली,” तेव्हा या वयात माझी छाती धडधडली.

खोलीत मधोमध काचेची लांब पेटी होती. तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, पाण्याचं भांडं, लपायला उलटं मडकं. मडक्याच्या तोंडातून एक लहानसं डोकं बाहेर आलं होतं. परदेशी जातीचा अजगर, मादी, पिवळ्या-तपकिरी चट्ट्यांची. तरुण तिला केसर म्हणायचा. कागदपत्रं करून रीतसर आणली होती. वेटोळं करून बसली की ती जेवणाच्या ताटात मावली असती.

तरुणला धुळ्यात ठिबकच्या नळ्यांची एजन्सी मिळाली होती आणि तो हिवाळाभर तिकडेच राहणार होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं. पेटीच्या एका टोकाखाली गरम पट्टी आहे, तिथं बत्तीस अंश पाहिजे. दुसऱ्या टोकाला सव्वीस, म्हणजे तिला उकडलं तर तिकडे सरकता येईल. हवेतल्या ओलीचा काटा साठवर. कात टाकायला आली की डोळे दुधाळ होतात, तेव्हा सत्तर. वरच्या जाळीतून हवा खेळती पाहिजे. तो सांगत होता आणि मी नुसती मान हलवत होतो.

खाण्याचं तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्या घरात या जनावराबाबत तो शब्द काढायचा नसे. केसर आली तेव्हा तरुणची आई, लाडकुंवरभाभी, एवढंच म्हणाल्या होत्या, “ठेवायचं तर ठेव. पण ते काय खातं हे माझ्या छताखाली कोणी बोलायचं नाही.” त्या सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या, पाणी उकळून गाळून पिणाऱ्या. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे वर कधी येत नसत. मला वाटलं, तरुण धुळ्याहून येऊन-जाऊन ते बघेल; पुढे धुरपदाच्या काळजीत ते माझ्या डोक्यातूनच गेलं. त्याला वाटलं, आबाला ठाऊकच असेल.

२

धुरपदाला दिवाळीत ताप येऊन गेला होता. ताप गेला, पण जाताना अंगातली ऊब घेऊन गेला. हात गार, पाय गार, ओठ निळसर. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, वय आहे, हिवाळा जपून काढा. जपायचं कसं, ते बोलले नाहीत. थंडी अशी पडली की बाहेर केळीच्या बागांना चरका बसला, पानं भाजल्यासारखी पिवळी झाली. मी धुरपदाचे तळवे चोळत बसायचो आणि मनात म्हणायचो, ही होळी बघत नाही.

मग एक दिवस, वरच्या खोलीतून खाली येताना, माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ऊब तर वर आहे! भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, “घेऊन जा की झुलालभाऊ. त्या जनावरासाठी वीज जळते, तर माणसाच्याही कामी येऊ दे.”

धुरपदाला मी जवळजवळ उचलूनच जिना चढवला. पेटीच्या गरम टोकाशी सतरंजी घातली, तिला काचेला पाठ टेकवून बसवलं. ती कुरकुरली. आतल्या चट्ट्यांकडे वळून बघत म्हणाली, “म्हातारपने मन्ही सवत आनी का?”

मी म्हटलं, सवत फार शांत आहे, भांडायची नाही.

“तुमच्यासारखीच शे मग,” ती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी हसली.

दुपारपर्यंत तिच्या नखांखाली गुलाबी रंग आला. मी तिचा हात हातात घेऊन बघतच राहिलो. हाताची पाठ गरम! मला नाचावंसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तोच नेम झाला. सकाळी मी काटे बघायचो, पाणी बदलायचो, भुसा शिंपडायचो. धुरपदा काचेशी बसायची आणि बोलायची. मी जवळ असो नसो, तिला फरक पडत नव्हता. ती केसरला सांगायची. शिंदखेड्याची विहीर, मामाचा बैल, बहिणीचं लग्न मोडलं तो दिवस. केसर मडक्यातून बाहेर यायची आणि काचेला टेकून पडून राहायची.

“तिले बठ्ठं सांगस मी, काही ठेवत नही,” धुरपदा मला म्हणाली. “ऐकस बिचारी.”

सापाला कान नसतात, हे मला कोणीतरी सांगितलं होतं. पण ते मी बोललो नाही. ती जिना आपल्या पायांनी चढायला लागली होती.

३

पौषाची कोरडी हवा सुटली आणि ओलीचा काटा घसरला. साठ, पन्नास, चाळीस. केसरचे डोळे दुधाळ झाले. मी जाळीवर ओलं फडकं टाकलं; तासात वाळलं. पुन्हा टाकलं, पुन्हा वाळलं. कात अर्धवट राहिली तर डोळ्यावर चिकटते आणि जनावर आंधळं होतं, असं तरुण म्हणाला होता. शिवाय खोली कोरडी पडली की धुरपदाही खोकायला लागायची.

मग मी मला येत होतं ते केलं. नर्सरीतून चिकणमाती आणली, गोणपाट भिजवून जाळीवर पसरलं आणि कडेनं सगळ्या फटी लिंपून टाकल्या. बोट फिरवून, अगदी वखारीच्या दारासारख्या. हवेचं तरुणनं सांगितलेलं मला आठवत होतं. पण हात शिकलेले असतात ते करतात. काटा चढला. सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी. काच आतून धुक्यानं भरली. मला इतका आनंद झाला की मी जिन्यावरून हाक मारून भाभींना सांगितलं, “भाभी, खोली धरली!” ऊब आणि ओल आत टिकली की वखारीत आम्ही असं म्हणायचो; त्यांना काय कळणार. त्या म्हणाल्या, “बरं झालं.”

दोन्ही हात काचेवर ठेवून मी कान लावला.

आतून आवाज आला. ओल्या फडक्यातून कोणी दमानं श्वास ओढावा तसा.

पट्टीखालची लाकडी फळी फुगत असेल, असं मी मनाला सांगितलं. आणि खरंच असेल. माझ्या शेजारी धुरपदानंही कान लावला होता. तिचे डोळे मिटलेले होते. आतला आवाज थांबला की तिचा श्वास थांबत होता. आतला सुरू झाला की तिचा सुरू होत होता.

कात पडली ती अखंड. मी मातीचा एक कोपरा काढून ती ओढून घेतली आणि भोक पुन्हा लिंपलं. ओठांपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकही फाट नाही, उन्हात धरली तर सोनेरी. मी ती सतरंजीवर पसरत गेलो. सतरंजी संपली. पुढे फरशीवर पसरत गेलो, दारापर्यंत. मग वळून पेटीकडे पाहिलं. कात ओली असताना ताणते, हे मला माहीत आहे. ताणली असेल.

त्याच आठवड्यात धुरपदाच्या टाचांची, कोपरांची, तळहातांची साल निघाली. खालून नवी कातडी आली, मऊ, लग्नातल्या हातांसारखी. ती हात उलटसुलट करून मला दाखवत होती. मी ते हात गालाला लावले. म्हातारा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं.

४

धुरपदाचं जेवण कमी झालं आहे हे मला उशिरा कळलं. डबा वर नेला की ती बाजूला सरकवायची. भाकरी तशीच, भाजीला बोट नाही.

“मन्हं पोट भरेल शे,” म्हणायची.

आधी वाटलं, भाभी तिला काही देतात. भाभी म्हणाल्या, मी कशाला देऊ, ती तर माझ्याकडे फिरकतच नाही हल्ली. मग वाटलं, एका जागी बसून राहिल्यावर भूक कुठून लागणार. पण तिचे गाल भरले होते. चोळी दंडाला घट्ट बसायला लागली होती.

एका दुपारी मी काचेवरचं धुकं बाहेरूनच पुसू बघत होतो, ते काही पुसलं जाईना. धुरपदा आमची वखारीची गोष्ट सांगत होती. बंद दार, कान लावणं, पदर तोंडात कोंबणं. मी पाठमोरा ऐकत होतो आणि हसत होतो. गोष्ट संपली. धुक्यातून मला केसरचं अंग दिसलं, काचेला लागून. मानेच्या खाली लिंबाएवढा एक फुगवटा होता. तो हळूहळू मागे सरकत गेला, अंगाच्या मध्यावर आला आणि मावळला. घास गिळल्यावर जातो तसा.

वेटोळं हललं असेल. धुक्यात काय दिसतं, काय नाही.

रात्रीच्या भाजीला मेथी निवडताना मी सहज म्हटलं, तू त्या खोलीला कान लावला होतास तेव्हा मुकादम बघत होते, मी तुला कधी सांगितलं नाही.

धुरपदा मेथी निवडत राहिली. मग वर बघून म्हणाली, “कोनती खोली?”

मी सांगितलं. सावद्याची. केळीची. तिनं नीट ऐकून घेतलं, दुसऱ्याच्या घरची हकिगत ऐकावी तसं. आणि म्हणाली, “मजेदार शे.”

५

आमची मुलगी सुनंदा यावलला दिली आहे. ती एक दिवस एसटीनं आली, आईला बघायला. तापात बघून गेली होती तेव्हा रडत गेली होती. आता आईला जिन्यावरून सरसर खाली येताना पाहिलं आणि ती तिथंच थांबली. मला म्हणाली, “बाबा, हिला काय खाऊ घातलंत?” मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

धुरपदानं तिला बसायला पाट दिला. चहा केला. कप देताना विचारलं, “कुठून आल्या तुम्ही?”

सुनंदा हसली. आईची थट्टा करायची सवय जुनीच. तिनंही तशीच थट्टा केली, म्हणाली, लांबून आले बाई, मुक्काम द्याल का.

“द्यू ना,” धुरपदा म्हणाली. “पन घरमा तुमनी माय वाट पाहत असंन.”

सुनंदानं कप खाली ठेवला. तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, आई म्हणून हाक मारली. धुरपदानं तो हात अदबीनं उचलून बाजूला ठेवला.

फाटकाशी सुनंदा माझ्याजवळ खूप रडली. म्हणाली, वयानं होतं असं, आमच्या शेजारच्या बेबाबाईंचं झालंय, घरातली माणसं ओळखत नाहीत. डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. मी हो म्हटलं. वयानं होतं, हे खरंच आहे. पण आदल्या दिवशी दुपारी धुरपदा काचेला तोंड लावून सुनंदाच्या जन्माची गोष्ट सांगत होती, तो मुसळधार पाऊस, ती सुईण, तो पहिला टाहो. मी तिथंच होतो. मी ऐकली होती. आणि फुगवटा नारळाएवढा होता.

६

तरुणचा फोन आला. एजन्सीचं उद्घाटन झालं, आता सवड मिळाली, असं सांगून त्यानं विचारलं, “आबा, हारुनभाईकडच्या पुड्या संपल्या असतील ना? अजून पाठवू का?”

मी विचारलं, कसल्या पुड्या.

 मग आवाज खाली करून त्यानं सांगितलं. केसरचं खाणं स्टेशनजवळ हारुनभाईच्या फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानात बर्फात ठेवलेलं होतं. निघायच्या दिवशी सांगणार होता, पण आई जिन्याच्या तळाशी बसली होती, म्हणून बोलला नाही. त्याला वाटलं, हारुनभाई आबाला सांगतील. हारुनभाईंना वाटलं, आबा दुसरीकडून आणत असतील.

मी तसाच दुकानात गेलो. हारुनभाईंनी बर्फाची पेटी उघडली. पुड्या होत्या तशा होत्या, वर बर्फाचा थर.

“घाबरू नका आबा,” हारुनभाई म्हणाले. “थंडीत ही जनावरं महिनोन्महिने खात नाहीत. फार तर वाळली असेल.” तरी एक पुडी घेऊन ते माझ्याबरोबर आले. येताना रिक्षात त्यांनी मला खूप हसवलं. भाभींना पुडीत पेढे आहेत असं सांगू म्हणाले.

वर आले आणि त्यांचं हसू गेलं. दसऱ्याच्या सुमारास त्यांनीच ती गरम पट्टी बसवली होती, तेव्हाची केसर त्यांनी पाहिली होती. आता धुक्यामागे पेटीच्या दोन्ही टोकांना, एकावर एक, नुसतं अंगच अंग होतं. मडकं दिसत नव्हतं.

“ही तीच आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ओल्या काचेतून मोठं दिसतं.

त्यांनी मातीचा कोपरा काढून चिमट्यानं घास आत धरला. केसरचं डोकं आलं. घासाला हुंगलंही नाही. ते वळलं आणि सतरंजीच्या बाजूच्या काचेला लागून थांबलं. सतरंजीवर धुरपदा बसली होती.

“तिचं पोट भरेल शे,” ती म्हणाली.

हारुनभाईंनी चिमटा काढून घेतला. कोपरा त्यांनी स्वतःच लिंपला, दोनदा दाबून. खाली आल्यावर मला म्हणाले, “आबा, मी तुमच्या जागी असतो तर ती पट्टी बंद केली असती.” पैसे, चहा, काही न घेता गेले.

७

मी पट्टी बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच, प्लग काढून हातात घेऊन बसलो. बत्तीसचा काटा खाली यायला लागला. काचेवरचं धुकं विरायला लागलं. आतली वेटोळी एकमेकांत घट्ट ओढली गेली.

धुरपदा पाठ टेकवून बसली होती.  तिनं पदर अंगाभोवती ओढला. मग गुडघे छातीशी घेतले. मी माझी घोंगडी तिच्यावर टाकली, भाभींकडून शेगडी आणून पेटवली, तळवे चोळले. तळवे मऊ होते, नवे होते, आणि गार पडत चालले होते. ओठांवर ती निळी छटा आली. ती मला पाठ होती.

“माले हिव वाजस,” ती म्हणाली. एवढंच. दात वाजत होते, म्हणून शब्द तुटत होते.

मी फार विचार करणारा माणूस नाही. मी तिच्याकडे बघितलं. जिवंत धुरपदा, जी मला विसरत चालली आहे. आणि दुसरीकडे ती धुरपदा, जिला सगळं आठवत असेल आणि जिला मी खांद्यावरून मेहरूणच्या स्मशानात नेत असेन. प्लग माझ्या हातात होता. तो मी परत लावला. 

पट्टी टिक करून सुरू झाली. थोड्या वेळानं तिनं घोंगडी बाजूला टाकली.

८

संध्याकाळी तरुणचा पुन्हा फोन. हारुनभाईंनी त्याला काहीतरी सांगितलं होतं. उद्या सकाळी येतो, गाडी घेऊनच येतो, केसरला धुळ्याला नेतो, म्हणाला.

उद्या. थंडी तर अजून होती. हाताची पाठ टेकवून मला कळत होतं की काम पुरं झालेलं नाही. धुरपदाच्या टाचा अजून गार होत्या. आता पेटी गेली तर ती मधल्या मधे राहणार. आठवणीही गेलेल्या आणि ऊबही गेलेली. अर्ध्यात दार उघडायचं नाही, हे मी आयुष्यभर पाळलं होतं. मला दुसरं काही येतच नव्हतं.

मी वर गेलो. खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा सतरंजीवर पडला होता. धुरपदा काचेकडे तोंड करून बसली होती, कपाळ टेकवून. मला बघून तिनं जागा करून दिली, पण ओळख दिली असं वाटलं नाही.  जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला काही सापडत नव्हतं. ती शोधत होती, हे मला दिसत होतं. घर रिकामं झाल्यावर माणूस कोपरे चाचपतं तसं.

मग तिला सापडलं. तिचा चेहरा उजळला.

“एक मानूस व्हता,” ती काचेला म्हणाली. “भलता कमी बोले.”

 तिला थांबवायचं होतं. एक शब्द पुरला असता. ती सांगत होती, त्यानं माझ्यासाठी पहिल्यांदा बांगड्या आणल्या त्या मापाला मोठ्या निघाल्या, तर तो भर उन्हात बदलून आणायला गेला. मी तापात होते तर तो पायाशी बसून रात्र काढायचा आणि सकाळी म्हणायचा, झोपलो होतो. ही सगळी गोष्ट माझी होती. मला तिनं कधी सांगितली नव्हती. तिला हे ठाऊक होतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी ऐकत राहिलो. खरं सांगतो, इतकं सुख मला कधी झालं नाही. आणि तिच्या गालांवर रंग चढत होता. टाचांना मी हात लावला. गरम होत होत्या.

मी काचेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण बघितलं.

धुक्यात एक हाताएवढी जागा स्वच्छ झाली होती, तिच्या तोंडासमोर. तिथं केसरचं डोकं होतं, काचेला लागून. जबडा उघडत होता. सापाचा जबडा सुटतो, ते मी ऐकलेलं आहे. हा त्याच्याही पुढे उघडत होता. तोंडात काही नव्हतं. आतली गुलाबी कातडी दिसत होती, रिकामी. तरी ओठ ताणले जात होते, काहीतरी मोठं, रुंद खांद्यांचं, हळूहळू आत घेतल्यासारखे. आणि त्या रिकाम्या जागेची एक कड...

मी मान फिरवली. धुरपदा बोलत होती. मी तिच्या टाचा धरून बसलो, ती बोलायची थांबेपर्यंत.

९

सकाळी ऊन चांगलं पडलं. मी फाटकाशी होतो, तरुणच्या गाडीची वाट बघत. भाभी व्हरांड्यात माळ ओढत होत्या.

धुरपदा खोलीतून बाहेर आली. तिनं न्हाऊन केस विंचरले होते. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. पाठ सरळ. चाल अशी, की भाभींनी माळ थांबवून बघितलं आणि म्हणाल्या, “झुलालभाऊ, सोनं केलंत हो बाईचं.” मला हसू आलं. छाती भरून आली. होळी बघेल ही. पुढच्या कितीतरी होळ्या बघेल.

ती सरळ माझ्याकडे आली. मी स्टुलावरून उठलो. ती फाटकाशी थांबली, तेव्हा तिच्या अंगाची ऊब मला लागली. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि परक्या पुरुषासमोर बाई ओढते तसा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

ती वाट बघत होती, म्हणून मी कडी काढली आणि फाटक उघडलं. ती बाहेर पडली, रस्त्याच्या उन्हाच्या बाजूला झाली आणि काही न बोलता चालत गेली.